सेबूत नवीन आलायत? मग आधी 'कसं वाटतंय' ते सांगायला शिका

फिलिपिन्समधल्या सेबूला येणाऱ्या आपल्या मंडळींचा, म्हणजे मेडिकलला आलेली पोरं असोत नाहीतर आयटी पार्कमधे जॉईन झालेले नवराबायको असोत, पहिला प्रश्न ठरलेला असतो, ताई इथे इंग्लिश चालतं ना? चालतं की. इथल्या १९८७ च्या राज्यघटनेतच फिलिपिनोबरोबर इंग्लिशपण अधिकृत भाषा म्हणून दिलेली आहे, त्यामुळे बँक, मॉल, कॉलेज, इमिग्रेशन सगळीकडे निभतं. पण रात्री दोनला पोटात कळ येतेय आणि समोर बोर्डिंग हाऊसचा वॉचमन आहे, तेव्हा नाही चालत. किंवा चालतं पण अर्धवट, तो नुसता येस येस करतो आणि तुम्हाला कळत नाही त्याला समजलंय की नाही. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते, भाव करायला आणि रस्ता विचारायला शिकाल आपोआप, पैसे जायला लागले की माणूस शिकतोच, आधी स्वतःला काय होतंय ते सांगायला शिका. भूक, थंडी, ताप, भीती, राग, कंटाळा. एवढं आलं की अर्धं सेबू तुमचं.

आधी भाषेचं नाव. पुस्तकात सेबुआनो म्हणतात, रस्त्यावर कोणी म्हणत नाही, सगळे बिसाया म्हणतात. ही फक्त सेबूची नाही, बोहोल, दुमागेते, मिंदानाओत दावाओ, कागायान दे ओरो, जनरल सांतोस, सगळीकडे हीच, त्यामुळे दावाओला मेडिकलला गेलेल्या पोरांनीपण हे वाचायला हरकत नाही, तिकडे टॅगलॉगची, म्हणजे मनिलाकडच्या भाषेची, भेसळ जास्त आहे एवढंच. मात्र बाकोलोद, इलोइलोला हिलिगायनोन आणि ताक्लोबानला वाराय, तिथे यातलं थोडं चालेल थोडं नाही.

उच्चारांचं थोडक्यात सांगते कारण आपल्याला सोपं आहे. यांचा त आणि द आपल्यासारखाच दाताला लागणारा, पण आपण लोक इंग्लिशच्या सवयीने टोपीवाला ट आणि ड मारतो आणि मग समोरचा बघत बसतो. तुग्नाव म्हणा, टुग्नाव नाही. दुसरं म्हणजे वाङ्मयातला तो ङ, जो आपण शाळेनंतर कधी वापरला नाही, तो इथे शब्दाच्या सुरुवातीलापण येतो, ङानो म्हणजे का. दोन दिवस आरशासमोर प्रॅक्टिस करा, घरचे हसतील, हसू दे. तिसरं, मधे आडवी रेघ दिसली की तिथे घशात क्षणभर अडकायचं, सिप-ओन असं, सिपोन नाही. सिप-ओन म्हणजे सर्दी, लागणार आहे तुम्हाला, एसीमुळे.

आता मुद्द्याचं. इंग्लिशमधून बिसाया शिकायला गेलात तर डोक्याचं भजं होतं, कारण इंग्लिशमधे 'मी भुकेला आहे' छाप वाक्यं असतात. मराठीतून विचार करा. आपण काय म्हणतो, मला भूक लागली, मला थंडी वाजते, मला झोप आली. म्हणजे भूक कुठूनतरी येते आणि मला लागते, मी काही करत नाही. बिसायात अगदी हाच हिशोब आहे. शब्दाच्या आधी 'गि' लावायचा आणि मागे 'को' म्हणजे मी. गुतोम म्हणजे भूक, गिगुतोम को म्हणजे मला भूक लागली. उहाव तहान, गिउहाव को. कापोय दमणूक, गिकापोय को, दमले बाई. तुग्नाव थंडी, गितुग्नाव को, हे तुम्ही मॉलमधे आणि लांबच्या बसमधे रोज म्हणणार, यांचा एसी म्हणजे माणसं गोठवायचा कारखाना. दुका म्हणजे डुलकी, गिदुका को. उबो खोकला, गिउबो को. सर्दी झाली, गिसिप-ओन को. ताप म्हणजे हिलानात, आणि ताप आलाय म्हणजे गिहिलान्तान को, इथे शब्द थोडा आक्रसतो, नुसता पाठ करा, व्याकरण विचारू नका.

'को' च्या जागी 'का' टाकला की समोरच्याला विचारता येतं, गिगुतोम का? भूक लागली का तुला? आपलाच 'का' वाटतो की नाही, पण हा का म्हणजे 'तू'. आणि एक गंमत जी आपल्या लोकांना लगेच कळते आणि इतर परदेशी लोक महिनोन्महिने घोळ घालतात. यांच्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत. मि म्हणजे आम्ही, ता म्हणजे आपण. गिगुतोम मि म्हणजे आम्हाला भूक लागलीय, तुमचं तुम्ही बघा. माङाओन ता म्हणजे चला आपण जेवू. हे माङाओन ता तुम्हाला दिवसातून दहा वेळा ऐकू येणार, कोणी डबा उघडून बसलं आणि तुम्ही बाजूने गेलात की म्हणणारच, अगदी आपल्याकडे 'या जेवायला' म्हणतात तसं, आणि तसंच दरवेळी खरंच बसायचं नसतं. हसून बुसोग पा को, सालामात म्हणायचं, पोट भरलंय अजून, थँक्यू. आग्रह परत झाला तर मग बसा. शाकाहारी असाल तर बसायच्या आधी विचारा, नुसत्या भाजीतपण सुकट असते इथे.

हवेबद्दल बोलताना थोडं जपून. गरम झालं तर गिइनितान को. पण सेबूचा जो खरा त्रास आहे, वारा नाही, घाम वाळत नाही, शर्ट चिकटलाय, त्याला इनित नाही म्हणत, ईगाङ म्हणतात. ईगाङ काआयो, म्हणजे काय उकडतंय! काआयो म्हणजे खूप, कशालाही मागे जोडा, कापोय काआयो, इनित काआयो. एप्रिल-मे मधे लिफ्टमधे अनोळखी माणसाला ईगाङ काआयो म्हटलं की गप्पा सुरू झाल्याच समजा. गार पाण्याला तुग्नाव म्हणू नका, ते बुग्नाव. अंगाला वाजते ती तुग्नाव, हाताला लागतो तो बुग्नाव.

दुखण्याचं वाक्य तर त्याहून सोपं. साकित आकोङ आणि पुढे जे दुखतंय ते. साकित आकोङ उलो डोकं दुखतंय, साकित आकोङ तियान पोट दुखतंय, साकित आकोङ दुग-हान छातीत दुखतंय, हे शेवटचं उगाच गंमत म्हणून म्हणू नका, धावपळ होते. डोक्यासाठी खास लाबाद पण आहे, लाबाद आकोङ उलो, हे वैतागलं असतानाही म्हणतात, हिशोब जुळत नसला की ऑफिसातली अकाउंट्सची बाई दिवसभर हेच म्हणते. गरगरतंय तर नालिपोङ को. मळमळतंय तर कासुकाओन को. जुलाब म्हणजे कालिबाङा, पहिल्या महिन्यात उपयोगी पडेल. आणि नक्की काय होतंय ते सांगता येत नाही, नुसतं कसंतरी होतंय, तर लाईन आकोङ पामिनाव. हे एक वाक्य कुठेतरी लिहून ठेवा.

का म्हणते ते सांगते. आमच्या ओळखीच्या बोर्डिंग हाऊसवर लातूरकडचा एक मुलगा होता, नवीनच आलेला, ढगाळ पावसाळी दिवस होते, दोन दिवस खोलीतून बाहेर नाही. घरातून फोन आला की बरा आहे म्हणायचा. मी काहीतरी द्यायला गेले होते तेव्हा तिथली स्वयंपाकघर सांभाळणारी बाई, सगळी पोरं तिला नाङ म्हणतात, ती त्याच्या दारात उभी, ङानो मान, दोङ? काय झालं रे बाळा? हा म्हणतो आय अॅम ओके. तिने सरळ कपाळाला उलटा हात लावला आणि ओरडली, हाला, गिहिलान्तान लागि का! अरे तापलायस की! मग प्रश्न सुरू. पिला ना का आद्लाव? किती दिवस झाले? त्याला कळेना, तिने बोटं दाखवली, मग म्हणाला दुहा. दोन. निकाओन ना का? जेवलास का? याला एवढं मात्र येत होतं, वाला कोय गाना, म्हणजे खायची इच्छाच नाही. साकित इमोङ लावास? अंग दुखतंय? यावर त्याने नुसत्या भुवया उचलल्या, आणि तिला समजलं, कारण भुवया उचलणं म्हणजे इथे 'हो'. हे पण लक्षात ठेवा, तुम्ही काही विचारलं आणि समोरचा काहीच न बोलता भुवया उडवतो तेव्हा तो उद्धटपणा करत नसतो, हो म्हणत असतो. तर अंगदुखी ऐकल्यावर तिने एकच शब्द काढला, डेंगी, आणि लुगाव टाकलं शिजायला, लुगाव म्हणजे आपली पेज, आणि आम्ही त्याला रक्त तपासायला घेऊन गेलो. डेंगीच निघाला. अॅडमिट करावं लागलं, बरा झाला व्यवस्थित. पण बघा, त्याला आख्ख्या बिसायातलं 'वाला कोय गाना' येत होतं आणि 'दुहा' येत होतं, तेवढ्यावर त्या बाईने ओळखलं. हे घरचं निदान झालं, तुम्ही मात्र इकडे पावसाळ्यात ताप आला की दोन दिवस अंगावर काढू नका, आणि मनाने कुठलीही पेनकिलर घेऊ नका, पॅरासिटामॉलच, इथे सगळे बायोजेसिक म्हणतात ती तीच.

बाय द वे नाङ, नोङ, दोङ, दाय हे आधी शिका. मोठ्या बाईला नाङ किंवा मानाङ, मोठ्या माणसाला नोङ किंवा मानोङ, आपल्यापेक्षा लहान मुलाला दोङ, मुलीला दाय. आते आणि कुया टॅगलॉगमधून आलेत, ते पण चालतात. यातलं एक लावल्याशिवाय वाक्य सुरू केलं तर कोरडं वाटतं, आपल्याकडे काका-मावशी न म्हणता भाजीवालीशी बोलल्यासारखं.

मेडिकलवाल्यांनी तर हे सगळं उलट्या बाजूनेपण शिकायचंय, कारण क्लर्कशिपला वॉर्डात उभे राहाल तेव्हा पेशंट इंग्लिश बोलणार नाही. उन्साय इमोङ गिबाती? तुम्हाला काय होतंय? आसा दापित आङ साकित? नेमकं कुठे दुखतंय? पिला ना का आद्लाव? किती दिवस? एवढे तीन प्रश्न आले की पुढचं ते सांगतातच, ते समजायला दुखण्याचे प्रकार माहीत पाहिजेत. ङुत्ङोत म्हणजे आतून ठणकणं, हाप्दोस म्हणजे झोंबणं चुरचुरणं, कातोल खाज, हुबाग सूज, नामाओल म्हणजे पहिल्या दिवशी जिमला जाऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी अंग आंबतं ते. आपल्या पोरांना हे शब्द पटकन बसतात असं मला वाटतं, कारण ठणका, झोंबणं, आंबणं, कळ, चमक हे वेगळेवेगळे असतात हे आपल्याला आजीनेच शिकवलेलं असतं, नाहीतर इंग्लिशमधे सगळं एकाच शब्दात कोंबायचं.

आणि काही दुखणी पुस्तकात सापडणार नाहीत. गिपास्मो को, हे जेवणाची वेळ चुकली, उपाशी राहिलं, आणि मग पोटात कालवलं, हात थरथरले की म्हणतात, आपलं 'पित्त झालं' च्या गल्लीतलं. पानुहोत म्हणजे अंगात वारा धरला, मग तेल लावून हिलोत करतात, म्हणजे मालिश, आणि ते एफिकॅसेंट ऑइल, ज्याचा वास सेबूतल्या प्रत्येक घरात, जीपनीत म्हणजे इथल्या मिनीबसमधे, आणि देवळात येतो, म्हणजे चर्चमधे. पेशंट म्हणाला मला पानुहोत झालाय तर हसू नका, कुठे दुखतंय ते विचारा. तसंच कोणाचं बाळ बघून काय गोड आहे म्हणालात तर लगेच प्वेरा बुयाग म्हणा, नाहीतर आई म्हणेल. दृष्ट लागू नये म्हणून. आपल्याला हे काही नवीन नाही, काजळाची तीट लावणारे आपण.

आता मनाचं. अंगाला 'गि' लागतो तसा मनातल्या बदलाला बहुतेक वेळा 'ना' लागतो. नालिपाय को आनंद झाला, नागुओल को वाईट वाटलं, नासुको को राग आला, नाहाद्लोक को भीती वाटली, नाउलाव को लाज वाटली, नाकुरात को दचकले, नाबालाका को काळजी वाटतेय. मूळ शब्द एकच असतो, पुढचं डोकं नाहीतर मागचं शेपूट बदलतं. हाद्लोक भीती घ्या. नाहाद्लोक को, घाबरले. आयाव काहाद्लोक, घाबरू नकोस. माकाहाद्लोक, भीतीदायक. हाद्लोकान, भित्रा. आता हीच डोकी दुसऱ्यांना लावा, आयाव काबालाका काळजी करू नको, आयाव कासुको रागवू नको, आयाव काउलाव लाजू नको, माकालागोत म्हणजे संतापजनक, हे ट्रॅफिकमधे मांदाउएच्या पुलावर अडकलात की म्हणायचं. शब्दांची लिस्ट पाठ करत बसू नका, एक शब्द धरून त्याची चारपाच रूपं तोंडात घोळवा, मग नवीन शब्द आला की तुम्ही स्वतःच जोडायला लागता.

नाही म्हणायची दोन तऱ्हा आहेत, आणि हेही मराठीतून लगेच कळतं. वाला को मासुको म्हणजे मला राग आला नाही. दिली को मासुको म्हणजे मला राग येणार नाही. झालं नाही त्याला वाला, होणार नाही त्याला दिली. इंग्लिशमधून शिकणारे यावर आठवडे घालवतात.

अपवाद आहेतच. मनाच्या काही गोष्टी बाहेरून येऊन धरतात, त्यांना परत 'गि'. गिकुल्बाआन को, छातीत धडधडतंय, परीक्षेच्या आधी सगळ्या वर्गात हेच चालू असतं. गिलाआयान को, बोअर झालंय. गिसामोकान को, डोकं खाल्लंय नुसतं. आणि गिमिङाव को, आठवण येतेय, करमत नाहीये. मिङाव जागेलापण म्हणतात, रस्ता ओस पडलाय, सुट्टीत हॉस्टेल रिकामं झालंय, मिङाव काआयो. तुमच्या चेहऱ्याकडे बघून कोणी गिमिङाव का? विचारलं तर भुवया उचला आणि मोकळे व्हा, त्यात काही कमीपणा नाही, उलट संध्याकाळी कोणीतरी बाहेर घेऊन जातं. पण गिमिङाव को निमो, म्हणजे मला तुझी आठवण येते, हे वर्गातल्या मुलीला मेसेजवर टाकायच्या आधी विचार करा. गानाहान को निमो तर आणखी पुढचं, मला तू आवडतेस. गानाहान को जेवणाबद्दल बिनधास्त वापरा, माणसाबद्दल सांभाळून. लामी पण तसंच, चवदार, ताटातल्या वस्तूबद्दलच बरं.

कापोय बद्दल परत येते कारण हा शब्द नुसता दमण्याचा नाही. कापोय म्हणजे आपला कंटाळापण. एवढं जिने चढायचं? कापोय. कपडे धुवायचेत? कापोय. तुम्ही रविवारी कार्बन मार्केटला चला म्हणालात आणि मैत्रीण कापोय म्हणाली तर ती आजारी नाही, तिला जिवावर आलंय. तिला विटामिनची गोळी देऊ नका. त्याच्या उलट लिङाव, मजा. नालिङाव को म्हणजे मजा आली, आणि हे कोणी घरी बोलावलं, वाढदिवसाला नेलं, की निघताना म्हणायलाच पाहिजे, नालिङाव काआयो को, सालामात. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी सिनुलोग असतो, आख्खं शहर रस्त्यावर, ढोल, नाच, पाय ठेवायला जागा नाही, आपल्या विसर्जन मिरवणुकीची सवय असणाऱ्यांना घरच्यासारखं वाटेल, त्या दिवशी दोनच शब्द लागतात, लिङाव काआयो आणि रात्री गिकापोय को.

आता रागाचं नीट ऐका. आपण मराठी लोक नॉर्मल बोलतो तेच यांना भांडल्यासारखं वाटतं. फोनवर आईशी बोलून झालं की रूममेट हळूच विचारते, सुको का? रागावलीस? आपण आईला नुसतं जेवलीस का विचारलेलं असतं. त्यामुळे एक वाक्य तयार ठेवा, वाला को मासुको, इङोन आनी लाङ जुद को मोस्तोर्या. रागावले नाहीये, मी बोलतेच अशी. सगळे हसतात आणि विषय संपतो. पण खरंच राग आला असेल तर आवाज चढवू नका, बोट तर मुळीच नाचवू नका. इथे चारचौघात कोणाला बोललात की काम होत नाही, माणूस उलाव होतो, हसतो, आणि परत तुमच्या वाटेला येत नाही. ते हसणं बघून आपल्या लोकांची आणखी सटकते, की चूक करून वर हसतोय, तर तसं नाही, ते कानकोंडं झालेलं हसू असतं. दुकानात, ऑफिसात काही बिघडलं तर नागुओल को म्हणा, मला वाईट वाटलं, किंवा नालिबोग को, माझा गोंधळ झालाय, समजावून सांगाल का, पालिहोग. पालिहोग म्हणजे प्लीज. याने जेवढं काम होतं तेवढं ओरडून होत नाही, हे मी बघून बघून सांगतेय. आणि वालाय उलाव, म्हणजे निर्लज्ज, हे कोणाला चुकूनही म्हणू नका. आपल्याकडे मित्राला लाडाने निर्लज्ज म्हणतो आपण, इथे नाही जिरत.

शिव्या कानावर पडणारच. गिआताय म्हणून एक आहे, त्यातही तोच 'गि', आताय म्हणजे लिव्हर, लिव्हरला काहीतरी लागो असा कोप. जीपनीवाला दर चौकात म्हणतो. यावा म्हणजे सैतान, ती त्याहून तिखट. ओळखायला ठेवा, वापरू नका, निदान नाङसमोर तरी नको. त्याऐवजी पास्तिलान! म्हणा, आजीआजोबापण म्हणतात, वैताग, आश्चर्य, हसू सगळ्याला चालतं. लागलं-खुपलं तर आगाय!, दचकलात तर हाला!

३० सप्टेंबर २०२५ च्या रात्री दहाच्या सुमाराला उत्तर सेबूत बोगोकडे ६.९ चा भूकंप झाला, इथे शहरातपण सगळे घराबाहेर. भूकंपाला लिनोग म्हणतात, हा शब्द पहिल्या आठवड्यात पाठ करा. त्या रात्री रस्त्यावर कोण कुठला काही नाही, जो दिसेल तो दुसऱ्याला ओके रा मो? विचारत होता, तुम्ही सगळे ठीक ना? आणि उत्तरं तीच, नाकुरात को, नाहाद्लोक को, गिकुल्बाआन पा को, म्हणजे अजून धडधडतंय. धक्के नंतरही बरेच दिवस येत राहिले. आमच्या बिल्डिंगमधली आपली दोन नवीन पोरं एकीकडे उभी राहून इंग्लिशमधे वुई आर फाइन म्हणत होती, तर कोणी फार जवळ नाही गेलं, वाटलं यांना एकटं सोडलेलं बरं. मी म्हटलं अरे नाहाद्लोक मि म्हणा, आम्ही घाबरलोय म्हणा. म्हटल्याबरोबर एका काकूंनी चटई दिली, पाणी दिलं, शेजारी बसवून घेतलं. ओके आहे म्हटलं की इथले लोक मान ठेवून लांब राहतात.

रोजच्या उत्तराचंही तसंच. कुमुस्ता? म्हणजे कसं काय, त्याला ओके रा ही पहिली पायरी. त्यात थोडं घाला. ओके रा, गिकापोय लाङ गामाय, ठीक आहे, जरा दमलेय इतकंच. गामाय म्हणजे थोडं, त्याने धार कमी होते. मुराग म्हणजे 'असं वाटतंय', मुराग गिहिलान्तान को, कणकण वाटतेय. जुद म्हणजे 'खरंच, अगदी', गिगुतोम जुद को. हे तीन छोटे शब्द आले की तुम्ही पाठ केलेलं म्हणताय असं वाटत नाही.

शब्द आठवला नाही तर इंग्लिश शब्दालाच 'ना' लावून टाका, सगळे तेच करतात, ना-स्ट्रेस को, ना-शॉक को, आपण नाही का टेन्शन आलं, बोअर झालं म्हणत. रक्तदाबावर पण ढकलतात, गि-हायब्लड को म्हणजे डोकं तापलं माझं, खरं बीपी मोजायला जाऊ नका. आणि तुम्ही फार फाडफाड इंग्लिश बोललात की समोरची नाकाला हात लावून नोजब्लीड! म्हणेल, म्हणजे एवढं इंग्लिश झेपत नाही बाई. ही हिंट समजा, बिसायावर या.

प्रॅक्टिस कुठे कराल तर घराखालच्या सारी-सारी दुकानात. ते म्हणजे खिडकीतलं किराणा दुकान, शाम्पूची पुडी, एक अंडं, सुटी सिगारेट, सगळं मिळतं, आणि आत जी बसलेली असते तिला वेळच वेळ असतो. अॅपवर शिकायला गेलात तर बऱ्याचदा टॅगलॉगच पुढे येतं, आणि सेबूतल्या लोकांना टॅगलॉग कळत असलं तरी तुम्ही त्यांच्या भाषेत बोललात तर चेहरा वेगळाच खुलतो. चुकलं तर हसतील, त्यांना हसू द्या आणि परत म्हणा.

आता तो गोंधळवाला शब्द, नालिबोग को, सेबूत कुठेही म्हणा, बँकेत म्हणा, प्रोफेसरला म्हणा, फादरला म्हणा, कोणाला काही वाटणार नाही. मात्र पुढे मनिलाला इंटरव्ह्यूला किंवा व्हिसाच्या कामाला गेलात तर तिथे हा शब्द तोंडातून काढू नका. टॅगलॉगमधे लिबोग म्हणजे वासना. टेबलापलीकडच्या बाईला तुम्ही फॉर्मबद्दल सांगायला जाल आणि ती सिक्युरिटीला बोलवेल. तिथे नालिलितो आको म्हणायचं, नाहीतर सरळ इंग्लिशमधे कन्फ्यूज्ड.